एका मीटरवर पाच चुली

(वीजबिलाबद्दलच्या पत्रांना या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात बिलिंगच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे लातूरकडचे, भोसरीत पाच खोल्यांच्या चाळीत भाड्यानं राहतो. मिस्टर एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. पाची खोल्यांना मिळून घरमालकांचं एकच मीटर आहे, आत प्रत्येकाला सबमीटर. मालक युनिटला १४ रुपये घेतात. मार्चपर्यंत माझे ७५-८० युनिट यायचे. गॅस परवडेना म्हणून एप्रिलमध्ये इंडक्शन शेगडी घेतली आणि मे महिन्यात १३० युनिट झाले, १८२० रुपये. त्या पैशात धाकट्याची वह्या-पुस्तकं बसली असती. आता मालक म्हणतात, तुमच्या शिलाई मशीनमुळं बिल फुगतं, उद्या कंपनी धंद्याचा दर लावेल, मशीन बंद करा नाहीतर लाईन तोडतो. मिस्टर म्हणतात इंडक्शन विकून टाक. सासूबाईंना दमा आहे, पंखा रात्रभर लागतो. यातलं काय बंद करू?

उत्तर : पंखा बंद करू नका आणि मशीनही नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथं विजेची उधळपट्टी होत नसते. बिल आलं की बायका आधी स्वतःच्या हाताकडं बघतात, माझं काय चुकलं म्हणून. माझ्या टेबलासमोर अशा कितीतरी उभ्या राहून गेल्या. तुमच्या प्रश्नाचं मूळ तुमच्या वापरात नाही, त्या एका मीटरमध्ये आहे. ते जरा सविस्तर सांगते.

आधी मशीनचा आळ काढून टाकू. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. घरगुती शिलाई मशीनची मोटर शंभर वॅटच्या आसपास असते, आणि पायाखाली दाबाल तेवढाच वेळ ती वीज घेते. कापणं, टाचणं, हातशिलाई यात निम्मा दिवस जातो. दिवसभर बसलात तरी अर्धं युनिट होणं मुश्किल. ब्लाउजवर फिरवता ती इस्त्री हजार वॅटची असेल तर अर्ध्या तासात तेवढं युनिट खाते, पण तिचं नाव कुणी घेत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा, पंधरा तास चालला की महिन्याला ३४ युनिट. आणि इंडक्शन, १५०० वॅटवर रोज तासभर धरलं तर महिन्याला ४५ युनिट. तुमचे वाढलेले पन्नास युनिट तिथून आले.

आता मीटर. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो : पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) धरून हे दर ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. दर नंतर बदलले, पण चढण तशीच आहे : शंभरच्या पुढचं युनिट जवळजवळ दुप्पट महाग. शंभर युनिटची ही सवलत कुटुंबाला नसते, मीटरला असते. सगळी गोम इथं आहे.

समजा पाची खोल्यांत ८० युनिट जळले. एकूण ४००. प्रत्येकीचं मीटर वेगळं असतं तर सगळे युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते. तुमच्या चाळीत फक्त पहिले १०० स्वस्त, पुढचे २०० दुसऱ्या टप्प्यात, शेवटचे १०० तिसऱ्या. स्थिर आकार (वीज जळो न जळो, दर महिन्याला लागतो तो) मीटरमागे १२८ रुपये आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरून मी बेरीज केली (इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, तो दर महिन्याला हलतो). एका मीटरवर ५३१३ रुपये. पाच मीटरवर, पाच वेळा स्थिर आकार भरूनसुद्धा, ३४७१. म्हणजे त्याच विजेसाठी दर खोलीमागे महिना साडेतीनशेहून जास्त रुपये उगाच जातात. सात-आठ ब्लाउज शिवले की हाती येतात तेवढे.

आता मालकांची बाजूही बघा, कारण बोलणी त्यांच्याशीच करायची आहे. वरच्या हिशेबात त्यांना युनिट तेरा रुपये २८ पैशांना पडलं. चौदा घेऊन ते काही माड्या बांधत नाहीत. आणि मे महिन्यात सगळ्यांचेच १३० युनिट झाले असतील तर मीटरवर ६५० होतात, बिल दहा हजार दोनशेच्या वर जातं, युनिट पावणेसोळाला पडतं. तुमच्याकडून ९१०० गोळा होतात, हजार-अकराशेची खोट येते. ती खोट कुणाच्या तरी माथी मारायची म्हणून त्यांना तुमची मशीन दिसली. ती आवाज करते ना!

तेव्हा त्यांच्याकडं भांडायला जाऊ नका, हा हिशेब कागदावर मांडून जा, आणि जमलं तर पाची खोल्यांतल्या बायका मिळून जा. मागणी एकच : खोलीगणिक वेगळं मीटर. वीज कायदा २००३ चं कलम ४३ सांगतं की जागेच्या मालकानं किंवा तिथं राहणाऱ्यानं अर्ज केला की कंपनीनं वीजपुरवठा द्यायचा. ‘राहणाऱ्यानं’ हा शब्द कायद्यातच आहे, म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात टेबलावर भाडेकरार मागतात आणि मालकाचं ना-हरकत पत्रही. मालकांना भीती असते की मीटर भाडेकरूच्या नावावर झालं तर खोलीवर हक्क सांगेल. त्यावर माझा सल्ला असा की पाची मीटर मालकांच्याच नावावर घ्या. तुम्हाला नाव नको आहे, टप्पा हवा आहे. पाहणीला येणारा माणूस दार वेगळं आहे का, चूल वेगळी आहे का हे बघतो, कारण एकाच घरात स्वस्त टप्प्यासाठी दोन-दोन मीटर घेणारे महाभागही आहेत. तुमच्या पाच चुली खरोखर वेगळ्या आहेत, लपवायचं काही नाही. एक मात्र लक्षात असू द्या, नव्या जोडणीला अनामत आणि वायरिंगचा खर्च येतो. तो कोण भरणार हे आधीच ठरवा. वर्षभरात फिटतो, पण पहिल्या दिवशी हातात लागतो.

धंद्याच्या दराबद्दल मालक जे म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. दरपत्रकातच तरतूद आहे की घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत व मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुतीच दर लागतो. शिलाई, पापड-लोणची, शिकवण्या यांसाठीच ती आहे असं म्हणा. तुमचं मीटर वेगळं असतं तर तुम्ही या मर्यादेच्या आसपासही नसता. पण एकत्र मीटरवर ४०० युनिट जळतात, तिथं ही मर्यादा मालकांच्या मीटरला ओलांडली जाते. तेव्हा त्यांच्या भीतीवरही वेगळं मीटर हाच उतारा आहे. हे त्यांना आवर्जून सांगा, मग कदाचित तेच अर्ज भरायला निघतील.

लाईन तोडण्याचं मनावर घेऊ नका, पण कानाआडही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला भाडेकरूची वीज-पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. तुमचा कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर मुद्दा वेगळा पडू शकतो, म्हणून तो घेऊन न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात जा. स्त्रियांना तिथं मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

वेगळं मीटर होईपर्यंत दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाची सबमीटरचं आणि मुख्य मीटरचं रीडिंग एका वहीत, मालकांसमोर लिहा. पाचांची बेरीज आणि मुख्य मीटर यांत फरक येईलच. पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर रोज दोन तास चालत असेल तर तिचेच महिन्याला बावीस-तेवीस युनिट, शिवाय बोळातला दिवा. हे कुणाच्याच सबमीटरवर नसतं आणि सगळ्यांच्या बिलात असतं. कंपनीचं मूळ बिल बघायला मागा. त्यात लाजायचं काही नाही.

आता इंडक्शन. मिस्टरांचं बरोबर आहे, पण विकू नका, गुंडाळून ठेवा. एका १४.२ किलोच्या सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढ्याला इंडक्शनवर ढोबळमानानं ११० ते १२५ युनिट लागतात. चौदाच्या दरानं ते दीड हजाराच्या वर जातं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पन्नास रुपये वाढूनही सिलिंडर साडेआठशेच्या घरात होता. वेगळं मीटर झालं आणि शंभरच्या आत राहिलात तर दोन्ही जवळपास सारखं पडतं. तेव्हा सिलिंडर संपलेल्या आठवड्याला शेगडी कामी येईल. मला कळतं, सिलिंडरचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात आणि इंडक्शनचे पैसे महिनाअखेर सबमीटरवर येतात, म्हणून ती स्वस्त वाटली. हातावर पोट असलेल्या घरात ‘कधी द्यायचे’ हे ‘किती द्यायचे’ याच्याआधी येतं. यात तुम्ही वेडेपणा काही केलेला नाही. गॅसची जोडणी कुणाच्या नावावर आहे? राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत धरलेत. उज्ज्वला किंवा लाडकी बहीण यांपैकी एकीत पात्र असणं आणि जोडणी बाईच्या नावावर असणं या अटी आहेत. जोडणी अजून गावाकडं, मिस्टरांच्या नावावर असेल तर आधी गॅस एजन्सीत जाऊन विचारा.

खर्च करायचाच असेल तर पंख्यावर करा. ‘बीएलडीसी’ पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे सासूबाईंच्या एका पंख्यात महिन्याला वीस युनिट वाचतात. चौदाच्या दरानं २८० रुपये. अडीच-तीन हजारांना मिळतो, वर्ष भरायच्या आत फिटतो, आणि खोली सोडताना काढून नेता येतो.

प्रश्न : मी चंद्रपूरजवळच्या गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. यजमान नाहीत, दोन मुली आणि सासरे आहेत. पाच महिने रीडिंग न घेता सरासरी बिल येत होतं, ते मी भरत गेले. जूनमध्ये एकदम ९४०० रुपयांचं बिल आलं. ऑफिसात म्हणाले, आधी भरा मग बोला, नाहीतर कनेक्शन कापू. सासरे दिवसभर घरीच असतात, तरी बिलावर घर बंद असल्याचं लिहिलं होतं. इतके पैसे माझ्याकडं नाहीत.

उत्तर : बाई, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र तुमच्या उशाशी आहे, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, आणि कूलर लावायची तुम्हाला भीती! असो.

बिल हातात घ्या आणि ‘मागील रीडिंग’, ‘चालू रीडिंग’ यांच्याखालचे आकडे बघा. चालू रीडिंग मीटरवर दिसतं त्याच्याशी जुळतं का? जुळत असेल तर वीज तुम्ही वापरलीय, प्रश्न ती किती महिन्यांत वापरली याचा आहे. तुमचं बिल मी पाहिलेलं नाही, म्हणून आकडा माझ्या मनचा घेते. पाच महिन्यांचे मिळून ७०० युनिट असतील आणि ते एकाच महिन्याचे धरले, तर वर सांगितलेल्या दरानं वीज आकार ९५८६ रुपये होतो. तेच पाच महिन्यांवर वाटले तर महिन्याला १४० पडतात, शंभर-शंभर असे पाचशे युनिट स्वस्त टप्प्यात येतात, आणि आकार ५२३२ होतो. शिवाय सरासरी म्हणून तुम्ही आधी भरलेले पैसे त्यातून वजा व्हायला हवेत. या दोन गोष्टी झाल्यात का, एवढंच लेखी विचारा. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर हाच गोंधळ उडाला होता : मार्चअखेरीपासून रीडिंग बंद, हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीनं बिलं, आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा सगळा हिशेब एकदम. तेव्हा टप्प्यांचा फायदा महिन्यांवर वाटून दिला होता, हप्तेही दिले होते. तुम्ही नवीन काही मागत नाही.

‘आधी भरा मग बोला’ हे टेबलावरचं वाक्य आहे, कायद्यातलं नाही. कलम ५६ प्रमाणे कापण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते (हल्ली मोबाईलवरचा संदेशही नोटीस धरतात, तेव्हा संदेश पुसू नका). त्याच कलमात पुढं एक ओळ आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. बिलाबद्दल वाद असेल तर बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे असं लिहून द्या : ‘माझ्या ग्राहक क्रमांकाचे जून महिन्याचे बिल मला मान्य नाही. वीज कायदा २००३, कलम ५६(१) नुसार मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम मी हरकत नोंदवून भरत आहे. टप्पेनिहाय लाभ व आधी भरलेली रक्कम धरून बिल दुरुस्त करून द्यावे.’ दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मिळेपर्यंत खिडकीवरून हलू नका. लोक तोंडी बोलून परत जातात आणि मग कागदावर काहीच उरत नाही.

तरी दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. फी नाही, वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तिथला निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडं जाता येतं, विदर्भासाठी त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. आणि पुढच्या महिन्यापासून रीडिंगच्या दिवशी मोठ्या मुलीला मीटरचा तारखेसह फोटो काढून ठेवायला सांगा. कंपनीच्या अ‍ॅपवर स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे.

प्रश्न : आपल्या सदरात नेहमी गरिबांची बाजू असते. आकडे टाकून फुकट वीज वापरणाऱ्यांचा बोजा आमच्यासारख्या वेळेवर बिल भरणाऱ्यांनी का उचलायचा? वाचवायची सवय लावली तर बिल येतंच किती? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : गुरुजी, पहिलं वाक्य मान्य, बाजू असते. आकड्यांबद्दलही तुमच्याशी भांडण नाही. चोरी हा कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि गळती काही प्रमाणात दरात धरलेली असते, म्हणजे ती तुमच्या-माझ्या खिशातून जाते. पण वर भोसरीचं पत्र आहे, तेवढं पुन्हा वाचा. ती बाई आकडा टाकत नाही. ऐंशी युनिटला ती चौदा रुपये दरानं ११२० मोजते. तुमच्या फ्लॅटमध्ये ऐंशीच युनिट जळले असते तर शुल्कासकट सातशेही झाले नसते. तुम्ही म्हणता ती काटकसर तिनं आधीच केलेली आहे. वाचवायला उरतं ते तुमच्या-माझ्या घरात, दोन हजार वॅटच्या गिझरमध्ये. छतावर सौर पॅनल बसवायला केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, तेही तुम्हाला घेता येईल. तिला छतच नाही. आकडेवाल्याचा राग तिच्यावर काढू नका, एवढंच म्हणणं आहे.

प्रश्न : नेहमीचं ९०० रुपयांचं बिल भरलं, तरी सुरक्षा ठेव म्हणून आणखी ९०० चं वेगळं बिल आलं आहे. दुबार वसुली तर नाही? — सोलापूर

उत्तर : नाही. पूर्वी साधारण एका महिन्याच्या बिलाएवढी ठेव असायची. २०२१ च्या विनियमांनंतर मासिक बिलवाल्यांना दोन महिन्यांच्या सरासरीएवढी ठेवावी लागते, तो फरक मागितला आहे. पैसे तुमचेच राहतात, दरवर्षी त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. एकदम जमत नसेल तर सहा मासिक हप्ते मिळतात. नियम चुकीचा नाही, पण एप्रिल-मे मध्ये, उन्हाळ्याच्या बिलाच्या जोडीनं ही मागणी पाठवणं मला नोकरीत असतानाही पटलेलं नव्हतं.

प्रश्न : ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असा संदेश आला आहे. भरलेलं बिल माझ्याकडं आहे. — पनवेल

उत्तर : फोन करू नका, कुठलंही अ‍ॅप उतरवून घेऊ नका. महावितरणचे संदेश कुणाच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवरून येत नाहीत. शंका असेल तर १९१२ वर विचारा.